एक्केचाळीस टक्के

हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. हातात वीज मोजायचं छोटं मीटर आणि खांद्याला वायरींची पिशवी घेऊन गेलं दीड वर्ष ती मजल्यामजल्यावर हिंडत होती, तेव्हापासून ती सगळ्यांची मीटरबाई झाली होती. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट फोन उचलल्याबरोबर तीच सांगायची, "मीटरबाई बोलतेय. तुमच्या मजल्यावरच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?"

तिचं काम कॉम्प्युटरच्या जाळ्याचं. इमारत सात मजली, प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद कपाटं, आणि प्रत्येक कपाटात दोन पेट्या. त्या बाजूच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी तिथे येऊन मिळत. त्यांना स्विच म्हणतात. पण स्विच म्हटलं की लोक भिंतीवरची बटणं शोधायला लागत, म्हणून नेटवर्कच्या खोलीतले आठही जण त्यांना डबे म्हणत. एक थोरला, एक धाकटा. थोरला सगळं काम ओढायचा. धाकटा नुसता उभा. थोरला बंद पडला तर एका क्षणात त्याचा भार उचलायचा, एवढीच त्याची नोकरी.

मीटरबाईने मोजून काढलं ते हे, की धाकटा बसून खातो आणि थोरल्याइतकंच खातो. भर मीटिंगमध्ये ती म्हणाली, "आमच्या मेव्हण्यांसारखंच आहे. काम करो न करो, ताटात दोघांच्याही तेवढंच." सगळे हसले. तिसऱ्या रांगेत, वॉर्डांच्या परिचारिकांमध्ये, तिची ताई बसली होती. ती हसली नाही, पण तिला राग आलाय असंही दिसलं नाही.

दुसरीही गोष्ट तिने दाखवली. बाहेरच्या रुग्णांचा तपासणी विभाग चारला बंद होतो, ऑफिसं सहाला रिकामी होतात, पण तिथलं जाळं मात्र टक्क जागं असतं. माणूस नसलेल्या टेबलांसाठी शेकडो दिवे लुकलुकत असतात. तिचं म्हणणं साधं होतं. जिथे कुणी नाही तिथल्या जोडण्या झोपवायच्या. ऑफिसांतल्या धाकट्या डब्यांनाही झोपवायचं, आणि थोरला पडला तरच उठवायचं. झोपलेला डबा पुरता जागा व्हायला चार मिनिटं लागतात. ऑफिसात चार मिनिटांनी कुणाचं काय बिघडणार?

ही योजना तिची, पण तिच्या पाठीशी उभे होते मास्तर. ते नेटवर्कचे प्रमुख होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, तरी त्या खोलीतला एकूण एक माणूस त्यांच्या हाताखाली घडलेला, म्हणून ते मास्तर. मीटरबाई बावीस वर्षांपूर्वी केसपेपरच्या खिडकीवर टायपिस्ट म्हणून लागली होती. एकदा तिचा कॉम्प्युटर बंद पडला आणि माणूस येईपर्यंत तिने वायरचं टोक स्वतःच कापून बसवलं. मास्तरांनी ते पाहिलं. "बोटांत अक्कल आहे हिच्या," म्हणाले, आणि महिन्याभरात तिला आपल्या खोलीत ओढून आणलं. वायर सोलण्यापासून सगळं त्यांनी शिकवलं. यंत्राला हात लावण्याआधी काय करतोय आणि का करतोय ते वहीत लिहायचं, ही सवयही त्यांचीच. तिच्या चुका त्यांनी पोटात घातल्या आणि तिचं चांगलं काम वरपर्यंत पोहोचवलं. वडील गेल्यावर तिला ज्यांच्यासमोर रडू आलं, त्यांत ताईच्या खालोखाल मास्तर होते.

सगळ्या विभागांनी विजेचा वापर कमी करावा असा हुकूम निघाला, तेव्हा मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही चाळीस टक्के कमी करून दाखवू." खोलीत परत आल्यावर मीटरबाईने कपाळाला हात लावला. "मास्तर, माझ्या हिशेबात तीस-पस्तीस बसतात. चाळीस कुठून आणायचे?"

"निघतील गं," ते म्हणाले. "बाहेरची कंपनी दारात येऊन उभी आहे, ठाऊक आहे ना? आपण नाही दाखवलं तर हे सगळं तिच्याकडे जाईल आणि आपण आठही जण रस्त्यावर."

ताईशी मात्र तिला वेगळं बोलावं लागलं. ताई चौथ्या मजल्यावरच्या हृदयरोग वॉर्डाची प्रमुख परिचारिका. अख्खं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणायचं. बहीण मात्र ती एकट्या मीटरबाईची. बावीस खाटा, प्रत्येक खाटेशी एक यंत्र, आणि त्या सगळ्या यंत्रांचे आकडे जाळ्यातून येऊन मधल्या टेबलावरच्या एका पडद्यावर दिसत. कुणाचं हृदय अडखळलं की टेबलावर घंटा वाजे.

"म्हणजे थोरला पडला आणि तुझा धाकटा झोपलेला असला, तर?" ताईने औषधांच्या बाटल्या मोजता मोजता विचारलं.

"चार मिनिटं."

ताईने बाटली खाली ठेवली. "चार मिनिटांत काय होतं माहितीय तुला? बावीस, तेवीस वर्षं मी इथे काय करतेय, कळतं तुला?"

"अगं, ऐकून तर घे. वॉर्ड यात धरलेलेच नाहीत. पाचही वॉर्डांचे डबे चोवीस तास जागे राहणार. तुझ्या धाकट्याला मी हात लावणार नाही. शब्द देते."

"शब्द नको. लिहून दे."

मीटरबाईला हसू आलं. लहानपणी पेन्सिल उसनी देतानाही ताई लिहून घ्यायची. तिने वॉर्डाच्या कागदावर चार ओळी लिहून खाली सही केली. ताईने तो कागद वाचला, घडी न घालता औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि मग म्हणाली, "आता चहा पी."

काम सुरू झालं. पहिल्या चार महिन्यांत वापर अठ्ठावीस टक्क्यांनी उतरला. मग तिने सभागृह शोधलं, कँटीनमागची सूचनांच्या पडद्यांची रांग शोधली, कुणी वापरत नसलेली जुनी ग्रंथालयाची खोली शोधली. चौतीस झाले. मग महिनाभर घाम गाळून पस्तीस. त्यापुढे आकडा हलेना. वीजकपात तपासणारं पथक यायला पाच दिवस उरले होते. मास्तर दिवसातून तीनदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत, पडद्यावरचा आकडा बघत आणि परत जात.

त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. आई दुसऱ्या गावी राहायची. दोघी बहिणी बुधवारी गेल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी परतल्या. शनिवारी सकाळी मीटरबाई कामावर आली तर पडद्यावर एक्केचाळीस टक्के.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "मास्तर, हे कसं?"

"अगं, तुझ्या मागच्या महिन्यातल्या बदलांचं फळ आहे हे," मास्तर हसत म्हणाले. "हळूहळू दिसायला लागलंय. मी म्हटलं नव्हतं, निघतील म्हणून?"

तिच्या मनात काहीतरी खट्टकन वाजलं. पण पथक सोमवारी होतं, सादरीकरण व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर एक्केचाळीस हा आकडा फार देखणा होता. सोमवारी तिने तो मंचावरून सांगितला. टाळ्या झाल्या. अधीक्षकांनी तिच्या हातात फुलं दिली. मास्तर मागे उभे राहून इतरांना सांगत होते, "सगळं हिचं आहे हो, मी नुसता खुर्चीवर." ताईनेही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोन आठवडे बरे गेले.

मग एका मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता नेटवर्कच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर चौथ्या मजल्यावरचा एक हिरवा ठिपका लाल झाला. हृदयरोग वॉर्डाचा थोरला डबा बंद पडला होता. आतला पंखा अडकला, डबा तापला आणि स्वतःहून विझला. असं वर्षातून दोनतीनदा होतं. मीटरबाई शांत होती. शेजारच्याला म्हणालीसुद्धा, "धाकटा उचलेल आता," आणि बोटांवर मोजायला लागली. एक, दोन. इतकाच वेळ लागतो. तीन, चार. ठिपका लालच. आठवर ती उभी राहिली. दहावर तिने त्या धाकट्याची स्थिती उघडली. तिथे लिहिलं होतं, 'जागा होत आहे'.

जागा होत आहे म्हणजे झोपला होता. तिने वॉर्डाचा नंबर फिरवला. फोन कुणी उचलेना.

वर काय झालं ते तिला नंतर कळलं. मधल्या टेबलावरचे बावीस चौकोन एकदम करडे झाले. ताईने एका नर्सला डावीकडे पिटाळलं, दुसरीला उजवीकडे, आणि स्वतः मधल्या रांगेतून खाट न् खाट बघत धावली. खाटांशी असलेली यंत्रं आपापल्या जागी वाजत होती, पण सात नंबरच्या खोलीला संसर्गामुळे दोन दारं होती आणि दोन्ही घट्ट लावलेली. आतला आवाज बाहेर येत नव्हता. सात नंबरला ताई सगळ्यांत शेवटी पोचली. आतल्या माणसाचं हृदय नुसतं थरथरत होतं. तो गवंडी होता, पन्नाशीचा, दोन दिवसांनी घरी जायचा. ताईने त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि त्याला परत आणलं. तो जगला. पण ज्या मिनिटांत मेंदूला रक्त मिळालं नाही, त्यांनी त्याच्या उजव्या हातातली पकड नेली.

त्या संध्याकाळी मास्तर मीटरबाईजवळ आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू ताईकडे जा. पाच वाजून गेलेत. इथलं मी बघतो."

ती गेली. ताई कपड्यांच्या खोलीत स्टुलावर बसली होती. मीटरबाई दारात उभी राहिली.

"झोपला होता?" ताईने विचारलं.

"हो."

"जा."

चौकशी समिती बसली. चौकशीआधी मीटरबाईनेच स्वतःची चौकशी सुरू केली. झोपणाऱ्या डब्यांची एक यादी होती. ती यादी बदलायचा अधिकार फक्त दोघांना, तिला आणि मास्तरांना, आणि तोही एकाच पासवर्डने. यादीत हृदयरोग वॉर्डाचा धाकटा लिहिलेला होता. वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. यादीला हात लावणारी रोजची तीच. मग चूक दुसऱ्या कुणाची असणार?

तीन दिवस ती यादीची ओळ न् ओळ तपासत बसली. आणि तीन दिवस मास्तर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिच्यासाठी चहा आणला, ती विसरली तेव्हा जेवणाची आठवण केली. "सापडेल गं," म्हणायचे. "शांतपणे बघ." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ. चार-ब म्हणजे हृदयरोग. चार-क म्हणजे लेखा विभाग. तुला चार-क लिहायचं असणार. बोट घसरतं. माझं कितीदा घसरलंय."

तिला ते पटलं. इतकं पटलं, की लिहितानाचा क्षण तिला आठवायलासुद्धा लागला. 'क'च्या जागी 'ब'. एका अक्षरात एका माणसाचा हात गेला. तिने मान टेबलावर टेकली. मास्तर तिच्या पाठीवर थोपटत राहिले. "लिहून दे तसं. मनापासून मान्य केलंस तर कुणी तुला फासावर देत नाही. मी आहे ना."

तिने लिहिलं. चूक माझी आहे. समितीकडे जाण्याआधी तो कागद तिने ताईला दाखवला. ताईने उभ्या उभ्या वाचला. मग औषधांचं कपाट उघडलं, दाराला चिकटवलेला कागद नखाने सोलून काढला आणि दोन्ही कागद एकत्र तिच्या हातात दिले. "दोन्हींवर सही तुझीच आहे," एवढंच म्हणाली.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी कबुली वाचली आणि विचारलं, "हे नेमकं कोणत्या दिवसापासून झोपलेलं होतं? त्या दिवसांत वॉर्डात कोण कोण होतं ते मला बघावं लागेल. उद्या तारीख आणा."

तारीख यादीत नव्हती. पण मीटरबाईकडे दुसरी गोष्ट होती, जिचा विचार इतके दिवस तिला सुचलाच नव्हता. दीड वर्ष ती प्रत्येक डब्याने किती वीज खाल्ली याची दर पाच मिनिटांनी नोंद घेत होती. डबा झोपला की त्याची रेघ एकदम खाली येणारच. ती खोलीत परतली. मास्तर कुठेतरी मीटिंगला गेले होते. तिने चार-बच्या धाकट्याचा आलेख उघडला आणि मागे मागे सरकत गेली.

रेघ खाली आली होती गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती दुसऱ्या गावात, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. आई आत होती. ताई तिच्या शेजारी बसून सफरचंद सोलत होती.

तिला आधी वाटलं, घड्याळ चुकलं असेल. तिने बाकीच्या वॉर्डांचे आलेख उघडले. दोन पंधराला मुलांचा वॉर्ड. दोन वीसला बाळंतिणींचा. दोन पंचवीस, दोन तीस. पाचही धाकटे एकामागून एक खाली बसलेले. कुणीतरी शांतपणे खुर्चीत बसून एकेकाला झोपवलं होतं. वॉर्डांतले डबे मोठे, ऑफिसातल्यांच्या तिप्पट वीज खाणारे. पस्तिसाचे एक्केचाळीस कसे झाले ते तिथे पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

बोट एकदा घसरतं. पाचदा, पाच पाच मिनिटांनी घसरत नाही.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. हृदयरोगाचा धाकटा थोरला पडल्यावर आपोआप उठला होता, पण बाकीच्या चारही रेघा पुन्हा वर गेल्या होत्या. कधी? गवंड्याचं हृदय थांबलं त्याच मंगळवारी, संध्याकाळी पाच दहा ते साडेपाच. "तू ताईकडे जा. इथलं मी बघतो."

म्हणजे त्यांना पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. तो चहा, ती शेजारी ओढलेली खुर्ची, पाठीवर थोपटणारा हात, पडद्यावर ठेवलेलं बोट. बेसिनपाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि तशीच उभी राहिली, नळ वाहत ठेवून.

मास्तर परत आले तेव्हा पाचही आलेख पडद्यावर उघडे होते. ते दारातच थांबले. मग दार लावून घेतलं आणि आपल्या नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी बसले. ती उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"मला चाळीस हवे होते," ते म्हणाले. "पथक गेलं की परत जागे करणार होतो. मग वरून फोन आला, आकडा महिनाभर टिकला पाहिजे. महिन्याभरात काय होणार आहे, असं वाटलं."

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस तुम्ही माझ्याबरोबर माझी चूक शोधत होतात, मास्तर."

"तुला वाचवायलाच गं. नीट विचार कर. तुझी चूक म्हणजे घसरलेलं बोट. बावीस वर्षांची स्वच्छ नोकरी, कुणीही माफ करेल. माझं मुद्दाम केलेलं. मी अडकलो की अख्खी खोली बुडते. बाहेरच्या कंपनीला दार सताड उघडं. आठ घरं आहेत आपल्यामागे."

"आणि तो गवंडी?"

मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "जगला ना तो," ते हळू म्हणाले.

तिने पिशवी उचलली. तेव्हा ते मागून बोलले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "एक सांगू? दोन दिवसांत सहा टक्के वाढत नाहीत, हे तुझ्याइतकं या इमारतीत कुणाला कळतं? तू विचारलंस एकदा, आणि मी काहीतरी उत्तर दिलं, आणि तू ते घेतलंस. कारण आकडा तुलाही हवा होता."

ती वळली नाही. पण ते वाक्य तिच्यासोबत जिना चढून आलं.

ती आधी ताईकडे गेली. आलेखांचे कागद तिच्यासमोर ठेवले. ताईने तारीख बघितली, वेळ बघितली. बराच वेळ बोटाने ती रेघ चाचपडत राहिली. "सफरचंद सोलत होते मी," ती म्हणाली.

"हो."

"मास्तर?"

"हो."

ताईने शिव्या घातल्या नाहीत. तिला मास्तर माहीत होते, त्यांनी तिच्या लेकीच्या लग्नात पंगतीत वाढलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग तू चूक माझी असं का लिहून दिलंस?"

"त्यांनी दाखवली. मला पटली." मग उरलेलंही तिने सांगून टाकलं. "आणि ताई, आकडा वाढलेला मी बघितला होता. खटकलं होतं मला. मी खोलात गेले नाही."

ताईने तिच्याकडे वर बघितलं. मीटरबाईला वाटलं, आता ती जवळ घेईल. ताईने कागद नीट एकावर एक लावले. "हेही सांग समितीला," ती म्हणाली.

तिने सांगितलं. पहिली कबुली परत घेतली, आलेख दिले, आणि शेवटी स्वतःबद्दलची ती ओळही बोलून टाकली. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "ही ओळ कागदावर घ्यायलाच हवी असं नाही." ती म्हणाली, "घ्या."

मास्तरांनी काही नाकारलं नाही. पंधरा दिवसांत त्यांना घरी पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. त्यांची खुर्ची कुणी हलवली नाही, पण तिच्यावर बसलंही कुणी नाही. खोलीतल्या इतर सहा जणांनी मीटरबाईशी बोलणं कमी केलं. कामापुरतं बोलत. एकदा जिन्यात तिला ऐकू आलं, "ज्यांनी बोट धरून चालवलं त्यांनाच बाहेर काढलं हिने." ती जिना उतरत राहिली. काय सांगणार? त्यांच्या पाठीवर कुणी थोपटलं नव्हतं.

तिची योजनाही गेली. सगळ्या इमारतीतले सगळे डबे कायम जागे ठेवा असा आदेश आला. ज्या दिवशी तिने ऑफिसांतले धाकटे एकेक करून उठवले, त्या दिवशी दीड वर्षाचं काम एका दुपारी पुसलं गेलं. चार वाजता रिकाम्या तपासणी विभागात ती उभी होती. कपाटाच्या काचेआड सगळे दिवे पुन्हा लुकलुकत होते, कुणाहीसाठी नाही.

गवंड्याला भेटायला ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो स्वतः पुढे आला. ती कोण हे त्याला माहीत होतं. त्याने डाव्या हाताने खुर्ची पुढे केली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. विजेचं त्याला समजलं नसेल, आकड्याचं समजलं. "आमच्यातही असतात असे," तो म्हणाला. "सिमेंट वाचवतात आणि भिंत उभी केली म्हणून सांगतात." मग त्याने विचारलं, त्या सिस्टर कशा आहेत. तिने सांगितलं, माझी ताई आहे ती. "माझ्या छातीची दोन हाडं मोडली तिने," म्हणाला. "तिला सांगा, जुळली."

मास्तरांचे फोन यायचे. आधी रोज, मग आठवड्याने. तिने एकदाही उचलला नाही, नंबरही पुसला नाही. कधी कधी एखादी वायर अडून बसली की तिला आपोआप त्यांचंच वाक्य आठवायचं, घाई करू नकोस, आधी टोक बघ, आणि मग ती हातातलं काम खाली ठेवून खिडकीपाशी जायची. चांगलं शिकवलं होतं त्यांनी. तेच जास्त लागायचं.

पाच महिन्यांनी प्रशासनाने स्वतःच विचारलं, ऑफिसांपुरतं तरी ते झोपवण्याचं पुन्हा सुरू करता येईल का? विजेचा वापर पुन्हा होता तिथे गेला होता. मीटरबाई म्हणाली, करते, पण या वेळी वॉर्डांच्या परिचारिकांना आधी विचारीन, आणि ज्या वॉर्डाला हवं त्याने आपला धाकटा जागा आहे ना ते स्वतः तपासून घ्यावं. चार वॉर्डांनी सही करून कागद परत पाठवला. हृदयरोग वॉर्डातून निरोप आला, समक्ष ये.

सकाळी दहाला ती गेली. ताईने थोरल्या डब्याच्या कपाटाची किल्ली वॉर्डाच्या तंत्रज्ञाकडे दिलेली होती. तिने सांगितलं, तो प्रत्येक वेळी थोरला बंद करणार. मग मी एका खाटेपाशी जाऊन रुग्णाच्या छातीवरची यंत्राची तार काढणार. तू टेबलापाशी बसून घंटा वाजते का ते सांगणार. किती सेकंदांत तेही सांगणार. मग पुढची खाट.

"सगळ्या बावीस?" मीटरबाईने विचारलं. "ताई, सगळ्या एकाच धाकट्यावर आहेत. एक वाजली की सगळ्या वाजणार."

"बावीस," ताई म्हणाली.

सुरुवात झाली. थोरला बंद. ताईचा आवाज आला, "एक!" टेबलावर घंटा वाजली. "वाजली! दोन सेकंद." थोरला चालू, पुन्हा बंद. "दोन!" "वाजली! दोन." रुग्ण मान वळवून बघत होते. एका म्हातारीने विचारलं, काय चाललंय, आणि ताईने तिच्या पांघरुणाची कड सारखी करत सांगितलं, "काही नाही आजी, माझी बहीण आलीय, घंटा ऐकायला." किती महिन्यांनी ताईच्या तोंडून तो शब्द आला होता. मीटरबाईने वहीत आकडा लिहिला, तो वाकडा आला, तिने तो खोडून पुन्हा लिहिला.

साडेअकराला त्या चौदाव्या खाटेपर्यंत पोचल्या होत्या. ताई टेबलापाशी आली, पाणी प्यायली, वहीतले आकडे वरून खालपर्यंत वाचले.

"तुझा विश्वास नाही ना माझ्यावर अजून?" मीटरबाईने विचारलं.

ताईने पेला खाली ठेवला. तिने खोटं बोलायचं टाळलं, हे मीटरबाईला दिसलं. "तू वहीवर लक्ष ठेव," ती म्हणाली, आणि पंधराव्या खाटेकडे चालायला लागली.